सुगरणीची सुट्टी

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. चाळिशी लागली की दूरचे नीट दिसते आणि हातातले अंधुक होते. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागते. औषधाच्या पाकिटावरची तारीख हात लांब करून वाचावी लागते. सुट्टीच्या बाबतीतही या वयात काहीसे तसेच होते. दूरची बेटे फार स्पष्ट दिसू लागतात.

नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमतो. बहुतेकींची मुले कॉलेजात किंवा नुकतीच नोकरीला लागलेली. कुणाची सासू अंथरुणाला, कुणाच्या घरात साखरेची आणि रक्तदाबाची औषधे. गेल्या दोन-तीन बैठकांत विषय एकच होता, मालदीव. एकीच्या जाऊबाई जाऊन आल्या आणि त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. निळे पाणी, पांढरी वाळू आणि पाण्यात उभी असलेली लाकडी खोली.

मालदीवचे आकर्षण आपल्या घरांत वाढले त्याला कारणे आहेत. देश मुस्लिम आहे, त्यामुळे खाण्याची चिंता नाही. बाराशेच्या आसपास बेटे आणि वस्ती त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर. १९७२ मध्ये तिथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि एका बेटावर एकच हॉटेल अशी रीत पडली. २००९ नंतर साध्या वस्तीच्या बेटांवरही पाहुण्यांसाठी घरगुती निवास सुरू झाले, म्हणून आता मध्यमवर्गालाही जाता येते. एक गंमत मला फार आवडली. तिथली बरीच रिसॉर्ट आपले घड्याळ राजधानी मालेच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. म्हणजे त्या बेटावर वेळसुद्धा वेगळी असते.

आपल्याच देशात लक्षद्वीप आहे. ३६ बेटे, त्यातल्या १० वर वस्ती, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर आणि जवळजवळ सगळे रहिवासी मुसलमान. परवाना काढावा लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीपर्यंत विमान. बंगारम बेटावर कायमची वस्तीच नाही, फक्त पाहुणे. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य जावे.

पण आमच्या त्या बैठकीत एक भाभी बोलल्या ते माझ्या मनात राहिले. त्या म्हणाल्या, “मला समुद्र नको गं. मला दोन दिवस कुणी ‘आज काय करायचं?’ असं विचारू नये, एवढंच पाहिजे.” सगळ्या हसल्या आणि मग काही वेळ कुणीच बोलले नाही.

आपण सुट्टीला जातो तेव्हा काय होते ते आठवा. दहा-बारा माणसे, दोन गाड्या, एका गाडीच्या मागे शेगडी, पातेली, मसाल्याचे डबे, मॅरिनेट केलेले चिकन. कारण बाहेरचे हलाल असेल की नाही ही शंका असते आणि बाहेर इतक्या माणसांचे बिलही फार होते. दोन्ही कारणे खरी आहेत. पण परिणाम असा की पुरुष आणि मुले पाण्यात असतात आणि बायका भाड्याच्या बंगल्याच्या ओट्याशी. घर बदलते, ओटा सुटत नाही. परत आल्यावर सगळे म्हणतात, छान आराम झाला.

हे नुसते गाऱ्हाणे नाही, याला आकडेही आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात सुमारे चारातला एक आहे. २९९ मिनिटे म्हणजे रोजचे पाच तास. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात त्याचे किती होतात ते ज्याने-त्याने मांडून पाहावे.

आमच्या घरात हा प्रश्न वेगळ्या बाजूने आला. आमच्या ह्यांचा वाशीच्या घाऊक बाजारात फळांचा व्यवसाय आहे. मुंबईतले घाऊक बाजार १९८० आणि ९० च्या दशकांत वाशीला आले आणि नवी मुंबईतल्या हजारो घरांचे घड्याळ उलटे झाले. रात्री माल येतो, पहाटेपूर्वी सौदे होतात. जग फज्रला उठते तेव्हा ह्यांचा अर्धा दिवस संपलेला असतो. हापूसच्या हंगामात मार्च ते मे झोप म्हणजे डुलकी. वय बावन्न. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि म्हणाले, दोन-चार दिवस तरी बाजार विसरा.

नवी मुंबईत समुद्र सगळीकडून दिसतो, पण हाताला लागत नाही. खाडी, चिखल, खारफुटी आणि त्यापलीकडे पाणी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे या खाडीकाठच्या गावांतून शहर उभे राहिले, ते मुंबईची गर्दी कमी करायला. आता जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. जवळजवळ २२ किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून. शंभरच्या वेगाने आपण समुद्र ओलांडतो आणि आपल्याला तो खिडकीतून दिसतो इतकेच.

आम्ही डिसेंबरात दोन रात्रींसाठी अलिबागजवळ किहीमला जायचे ठरवले. बेट नाही, पण मुंबई बेटासमोरचा किनारा. मी एकच अट घातली. शेगडी न्यायची नाही, डबा न्यायचा नाही, आणि दोघांनीच जायचे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मला वाटले त्या नाराज होतील. त्या म्हणाल्या, “जा तुम्ही. दोन दिवस दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं तर मी काही मरत नाही.” मुलाने आणि मुलीने मिळून खिचडी, अंडी आणि डाळभात यांवर दोन दिवस काढले.

जाताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. नेरूळहून उरणची लोकल. ही गाडी आता थेट उरणपर्यंत जाते. उरणहून रिक्षाने करंजा बंदर. तिथून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस, आणि रेवसहून मिनिडोरने किहीम. बॅरिस्टर अंतुले यांनी रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे स्वप्न पाहिले त्याला चार दशके होऊन गेली. करंजा-रेवस पूल झाला की हा प्रवास काही मिनिटांचा होईल. सध्या लाँच भरेपर्यंत थांबावे लागते. कोळणी पाट्या घेऊन चढतात, कुणाची मोटरसायकल चढते, कुणाची बकरी. ह्यांनी तीनदा घड्याळ पाहिले. चौथ्यांदा पाहिले नाही.

हलालचा प्रश्न किनाऱ्याने आपोआप सोडवला. मासळीला ती शंकाच नाही. तिथे घरगुती खानावळी आहेत. आदल्या दिवशी सांगितले की दुसऱ्या दिवशी सुरमई नाहीतर बांगडे, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मिळते. तेल-तूप काय वापरता ते विचारून घेतले, त्या बाईंनीही न रागावता सांगितले. आपल्या ज्या बहिणी केवळ खाण्याच्या शंकेने सगळा स्वयंपाकघराचा पसारा बरोबर नेतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. कोकणात शंभर वेळा शेगडी नेण्यापेक्षा एकदा विचारणे सोपे.

पहिल्या दिवशी मला काही सुचेना. ताटे कुणीतरी उचलून नेली आणि माझे हात रिकामे राहिले. अकरा वाजता भात लावायची वेळ झाली असे अंगालाच वाटत होते. हे फोन घेऊन रेंज शोधत नारळीच्या बागेत फिरत होते. सुट्टी घेतली म्हणून माणूस लगेच थांबत नाही. चालती गाडी ब्रेक लावल्यावरही थोडी पुढे जातेच.

दुसऱ्या दिवशी अलिबागला कुलाबा किल्ला पाहायला गेलो. शिवाजी महाराजांच्या काळात १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. भर समुद्रातल्या खडकावर आहे, आत गोड्या पाण्याची सोय आहे, गणपतीचे देऊळ आहे आणि दर्गाहही आहे. भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला जमिनीला जोडला जातो. आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो तर मध्ये पाणी. घोडागाडीवाल्या चाचांनी सांगितले, “दीड वाजेपर्यंत बसा. त्याआधी पाणी जात नाही.” ह्यांनी सवयीने विचारले, “लवकर काही होणार नाही का?” चाचा हसले. म्हणाले, “साहेब, हे पाणी आमचं पण ऐकत नाही.”

समुद्राचे गणित सोपे आहे आणि आपल्याला ते लवकर समजते, कारण आपण चांदाच्या तारखेने सण पाळणारी माणसे. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज सगळे सुमारे पन्नास मिनिटे उशिराने. किनाऱ्यावरची माणसे तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता साधारण भरती. आपली चांदाची तारीख तिथीच्या एखाद्या दिवसाने मागे असते. त्या दिवशी अकरा तारीख होती, म्हणजे तिथी बारा धरायची. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, सव्वातीनच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि त्याच्या दीड-दोन तास आधी वाट मोकळी. चाचांचे दीड बरोबर होते. पंधरा तिथीनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ईदचा चांद दिसतो त्या दिवसांत समुद्र जोरात असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. हा अंदाज आहे. प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचे आणि तो परत फिरा म्हणाला की फिरायचे. किल्ल्यात रमून पाणी भरल्यावर अडकलेल्यांच्या गोष्टी तिथे सगळ्यांना पाठ आहेत.

तर आम्ही अडीच तास वाळूवर बसलो. पाणी हळूहळू मागे जात होते, इतके हळू की बघत राहिले तर हलत नाही आणि नजर वळवली तर चार पावले गेलेले. पहिला तासभर आम्ही मुलांविषयी बोललो, मग फ्लॅटच्या हप्त्याविषयी. मग बोलण्यासारखे काही उरले नाही. त्यानंतर बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “मला आजकाल रात्री निघताना भीती वाटते.”

गेल्या हंगामात ह्यांच्या शेजारच्या गाळ्यावरचे गृहस्थ, ह्यांच्याच वयाचे, पेट्या उतरवून घेताना खाली बसले ते उठले नाहीत. ही बातमी मला त्याच दिवशी कळली होती. मय्यतीला हे गेले होते, मी त्यांच्या घरी जाऊन आले होते. पण तेव्हापासून रोज रात्री दोन वाजता जिना उतरताना ह्यांच्या छातीत धडधडते, दार ओढण्याआधी हे मुलांच्या खोलीत एकदा डोकावून जातात, हे मला माहीत नव्हते. दोन वाजता मी झोपेत असते. सकाळी मी घाईत असते. दुपारी हे झोपतात. आमच्या घरात असे बोलायला वेळच शिल्लक नव्हता. त्या दिवशी तो भरती-ओहोटीने दिला, कारण पाणी उतरेपर्यंत आम्हाला दुसरे काही करताच येत नव्हते.

दीड वाजता आम्ही चालत किल्ल्यात गेलो. येताना ठरले की या हंगामापासून आठवड्यातल्या तीन रात्री भाच्याने गाळा सांभाळायचा. उत्पन्नात फरक पडेल. तो आम्ही मोजला आणि मान्य केला.

अलिबागच्या या किनाऱ्याचा आणि शांततेचा संबंध जुना आहे. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या विजेने नाजूक उपकरणांची मोजमापे बिघडतील म्हणून नवी वेधशाळा अलिबागला बांधली. १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि आजही काम करते. यंत्राला गडबड सोसत नाही म्हणून त्याला समुद्रापलीकडे नेले गेले. आपल्या घरातल्या माणसांविषयी इतका विचार आपण करतो का?

दुसरे उदाहरण किहीमचेच. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९३० मध्ये जर्मनीहून शिकून परत आले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, संसार आहे आणि नोकरी नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तहमीना किहीमला राहायला आले. कुणालाही वाटले असते की या माणसाचे दिवस फुकट जात आहेत. त्या रिकाम्या दिवसांत सालिम अली एकाच जातीच्या पक्ष्यांची घरटी तासन्‌तास पाहत बसले. त्या निरीक्षणांतून जे निघाले त्याने त्यांचे नाव अभ्यासकांत झाले.

तो पक्षी म्हणजे आपली सुगरण. आणि त्यांनी काय पाहिले? घरटे नर विणतो. गवताचे हिरवे धागे फाडून आणतो, अर्धे घरटे विणतो आणि मग मादी ते पाहायला येते. तिला पसंत पडले तर ती राहते, तो ते पुरे करतो आणि पुढचे विणायला घेतो. अंडी उबवणे मात्र तिच्याकडेच. आपण मराठीत त्या पक्ष्याला सुगरण म्हटले आणि तोच शब्द चांगला स्वयंपाक करणाऱ्या बाईला दिला. विणकाम नराचे, नाव बाईचे! किहीमच्या बागेत विहिरीवरच्या माडाला पावसाळ्यातली रिकामी घरटी अजून लटकत होती. मी ह्यांना ही गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीच्या बाईंकडून हे स्वतः चहाचे दोन कप घेऊन आले. एवढेच. पण मी ते मोजले.

सुगरण म्हणवून घेण्यात आपल्यालाही गोडी असते, हे खोटे कशाला बोलू? दावतीत कुणी बिर्याणीची तारीफ केली की थकवा जातो. पण त्या तारिफेच्या जोरावर आपण पंचवीस वर्षे सुट्टी घेत नाही आणि घरही देत नाही. मधल्या वयात शरीर आधी कुरकुरते आणि मग थेट हिशेब मागते. तो दवाखान्यात देण्यापेक्षा किनाऱ्यावर दिलेला बरा.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात आणि समुद्र धोक्याचा असतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी मोठी बोटही आहे, २०२० पासून. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा; गर्दीही कमी आणि भाडेही कमी. घरातल्या वृद्धांची सोय आधी पक्की करा, त्यांची औषधे आणि वेळा कागदावर लिहून मुलांच्या हाती द्या, आणि मग दर तासाला फोन करू नका. मुलांना एकदा डाळ करपवू द्या.

ज्यांना दोन रात्री परवडत नाहीत त्यांना एक दुपार परवडेल. उरणच्या गाडीचे तिकीट काढा, करंजाला जाऊन बसा. तेही नाही जमले तर असर ते मगरीब एवढा वेळ खाडीकाठी कुठेही. मात्र दोन गोष्टी पाळा. खाण्याचे काही आपल्या हातचे नेऊ नका, आणि फोन पिशवीत ठेवा. पाणी उतरते आहे की चढते आहे एवढेच बघा. सोबत ज्याला न्याल त्याच्याशी बोलायचे आहे असे आधी ठरवू नका. जे बोलायचे असेल ते तासाभराने आपोआप वर येते.

आणि ज्या घरांतली माणसे रात्री दोनला, पहाटे चारला कामावर निघतात, त्यांच्या घरच्यांना एक विनंती. चांदाची तारीख बघा, ओहोटीची वेळ काढा आणि या महिन्यातली एक दुपार त्यांच्यासाठी मोकळी करा. ओट्याशी त्या दिवशी कोण उभे राहणार, ते मात्र आदल्या रात्रीच ठरवून घ्या.